"साखरेने रक्तपेशींचा डीएनए खराब होतो": हे फलकावर लिहायचं की नाही?

धुऱ्यावरून

गावात मधुमेह तपासणीचं शिबिर आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायच्या फलकाचा मजकूर ठरतो आहे. एका मसुद्यात असं वाक्य आहे: "रक्तात साखर वाढली की रक्तपेशींच्या डीएनएला इजा होते." दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तांबड्या पेशीत डीएनए नसतोच, मग इजा कोणाला? तिसऱ्याला वाटतं, तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीए१सी म्हणजेच डीएनएची तपासणी. वरून आपल्याकडे विदर्भात सिकलसेल, हा तांबड्या पेशींचा वारशाने येणारा आजार, तोही डीएनएतलाच बदल. दोन्ही एकाच माणसात असले तर काय?

जाणकारांनी लिहावं. "डॉक्टरांना विचारा" हे उत्तर माहीत आहे, ते नको.

तर्रीपोहे

डीएनएले साखर लागली म्हणजे मुंग्या येतीन का भाऊ?

(अवांतर आहे, माहीत आहे. बसतो मागच्या बाकावर.)

जांभळं_झाकण

आधी पेशी वेगळ्या करू, निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

तांबडी पेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडण्याआधीच आपलं केंद्रक टाकून देते. केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं, त्यांतही थोडा डीएनए असतो) नाही, म्हणजे डीएनए नाही. ती साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस साखरेच्या पाण्यात भिजत राहते. त्यात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकावरच्या व्हॅलिनला ग्लुकोज चिकटतं. ते एचबीए१सी. म्हणजे तपासतो ते प्रथिन, डीएनए नव्हे. तिसऱ्या माणसाला हे सांगून टाका.

रक्तातला डीएनए आहे पांढऱ्या पेशींत. एका मायक्रोलिटरमध्ये तांबड्या ४५-५० लाख, पांढऱ्या ४ ते ११ हजार. ७ हजार धरल्या तर एका मिलिलिटरमध्ये ७० लाख पांढऱ्या पेशी, प्रत्येकीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए, झाले सुमारे ४६ मायक्रोग्रॅम. हाती त्यातले २०-४० लागले तरी काढणारा खूश असतो. "रक्तपेशींचा डीएनए" म्हणून जे काही छापून येतं ते सगळं या मूठभर पांढऱ्या पेशींवरचं असतं.

तेव्हा मसुद्यातलं वाक्य चूक नाही, अर्धवट आहे.

सरकी

+१. वाचनखूण साठवली.

अस्थिमज्जा

इजा कशी होते आणि किती दिवस टिकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा जास्त महत्त्वाचा.

कशी, ते आधी. साखर जास्त आली की पेशीतल्या मायटोकाँड्रियावर ताण येतो आणि सुपरऑक्साइड जास्त सुटतं. ब्राउनली यांनी २००१ साली मधुमेहाच्या चार वेगवेगळ्या वाटांच्या नुकसानीचं मूळ या एका ठिकाणी दाखवलं. त्यातून पुढे जे क्रियाशील ऑक्सिजन रेणू तयार होतात ते डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिनवर पहिल्यांदा बसतात, कारण ऑक्सिडेशनला तेच सगळ्यात नरम. ग्वानिनचं ८-ऑक्सोग्वानिन होतं. ते सायटोसिनऐवजी ॲडेनिनशी जोडी जमवू शकतं. पेशी दुभागताना ती चूक दुरुस्त झाली नाही तर ग्वानिनच्या (जी) जागी थायमिन (टी) येतो. दुसरी वाट मिथाइलग्लायॉक्सलची. ग्लुकोज फोडताना निघणारा हा उपपदार्थ थेट ग्वानिनला चिकटतो, हिमोग्लोबिनला साखर चिकटते तसाच, फक्त कितीतरी जास्त चपळाईने.

आता टिकण्याचं. तुटलेला धागा पेशी काही मिनिटांत ते तासांत सांधते. ऑक्सिडाइज झालेलं अक्षर ओजीजी१ नावाचं एन्झाइम कापून काढतं, त्याला तास लागतात. म्हणजे आज मोजलेली इजा ही आज होणारी मोडतोड वजा आज झालेली दुरुस्ती, एवढीच. बँकेतली शिल्लक पाहून कमाई कळत नाही, तसं.

डीएनएवरच्या मिथाइल खुणा मात्र वेगळ्या. त्यात अक्षर बदलत नाही, अक्षरावर टिकली लागते किंवा निघते, आणि कुठला जनुक किती चालेल ते त्यावर ठरतं. या खुणा वर्षानुवर्षं राहू शकतात. आणि तिसरा थर म्हणजे कायमचे उत्परिवर्तन, त्याचं नंतर लिहितो.

खारपाणपट्टा

थांबा. पांढऱ्या पेशींतली न्यूट्रोफिल काही तास ते काही दिवस जगते. खूण वर्षानुवर्षं राहते म्हणता, मग ती राहते कुठे? पाहुणा निघून गेल्यावर त्याच्या चपला कशा सापडतात?

अस्थिमज्जा

@खारपाणपट्टा, प्रश्न बरोबर जागी लागला आहे. खूण रक्तातल्या पेशीत राहत नाही, ती मज्जेतल्या मूळपेशींत राहत असली पाहिजे. तिथून निघणारी प्रत्येक नवी पेशी ती घेऊनच बाहेर पडते. थोड्या स्मृती-टी पेशी स्वतःही वर्षं काढतात, पण मोनोसाइट या पांढऱ्या पेशींचा हिशेब मूळपेशीशिवाय लागत नाही.

पुरावा विचारणार, म्हणून सांगतो. डीसीसीटी ही टाइप १ मधुमेहावरची चाचणी १९८३ ते १९९३ चालली, १४४१ रुग्ण. एका गटाची साखर काटेकोर, एचबीए१सी ७ च्या आसपास. दुसऱ्याची नेहमीच्या पद्धतीने, ९ च्या आसपास. चाचणी संपल्यावर सगळ्यांनाच काटेकोर उपचार सुचवले आणि काही वर्षांत दोन्ही गटांचे आकडे ८ च्या जवळ एकत्र आले. तरीही डोळे-मूत्रपिंडाचं नुकसान आधीच्या ढिल्या गटातच पुढे जास्त होत राहिलं. यालाच चयापचयाची स्मृती म्हणतात. २०१६ साली त्याच लोकांच्या जपून ठेवलेल्या रक्तातला डीएनए आणि १६-१७ वर्षांनंतरच्या मोनोसाइटमधला डीएनए ताडून पाहिला. काही ठिकाणचा मिथाइलेशनचा फरक तसाच होता. त्यातलं ठळक नाव टीएक्सएनआयपी. मिथाइलची टिकली कमी झाली की हा जनुक जास्त चालतो, आणि त्याचं प्रथिन पेशीच्या गंज-विरोधी यंत्रणेलाच दाबून धरतं.

लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांवरचं २०१५ चं काम आहे. त्यात टीएक्सएनआयपीसह पाच ठिकाणच्या खुणा पुढे मधुमेह होणाऱ्यांत आधीपासूनच वेगळ्या दिसल्या. म्हणजे खूण नेहमी साखरेच्या मागूनच येते असंही नाही.

धूमकेतू

मोजतात कसं हे कोणी लिहिलं नाही. कॉमेट पद्धत. १९८४ ला ऑस्टलिंग आणि योहान्सन यांनी मांडली, १९८८ ला सिंग व सहकाऱ्यांनी तिला अल्कलीचं रूप दिलं, तेच आज चालतं. पेशी जेलीत अडकवायची, तिचं कवच आणि प्रथिनं विरघळवायची, उरतो डीएनएचा गुंडाळा. वीज लावली की अखंड डीएनए जागेवर बसून राहतो, तुटलेला सैल होऊन धन टोकाकडे ओढला जातो. सूक्ष्मदर्शकात शेपटीचा तारा दिसतो. शेपटीत किती टक्के डीएनए गेला, तो आकडा.

कृती: स्लाइडवर १ टक्का साध्या अगारोजचा हात देऊन पूर्ण वाळू द्यायचा. ०.५ ते ०.७ टक्के लो मेल्टिंग अगारोज वितळवून ३७ अंशांवर आणायचं. ७५ मायक्रोलिटरमध्ये ५ मायक्रोलिटर रक्त मिसळून स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, १० मिनिटं थंडीत. कव्हरस्लिप सरकवून काढायची, उचलायची नाही. मग लायसिस, म्हणजे पेशी विरघळवणं: २.५ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ईडीटीए, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच १०. वापरायच्या आधी १ टक्का ट्रायटन आणि १० टक्के डीएमएसओ. ४ अंशांवर किमान एक तास, रात्रभर राहिलं तरी चालतं. पुढे ३०० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ मिलिमोलर ईडीटीए, पीएच १३ च्या वर, २० ते ४० मिनिटं. त्याच द्रावणात वीज, सेंटिमीटरला ०.७ ते १ व्होल्ट, २० ते ३० मिनिटं. ०.४ मोलर ट्रिस, पीएच ७.५, पाच-पाच मिनिटं तीनदा. मग रंग.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त व्होल्टवर. लोक "२५ व्होल्ट" पाठ करतात. तो आकडा साधारण ३३ सेंटिमीटर अंतराच्या टाकीचा. तुमच्या टाकीत दोन तारांमधलं अंतर २० असेल तर तेच २५ व्होल्ट सेंटिमीटरला सव्वा होतात आणि निरोगी माणसालाही शेपट्या फुटतात. दुसरं, ३०० मिलिअँपिअर गाठायला द्रावण कमी-जास्त करतात, पण प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीचं भरलं तर आजचा आकडा कालच्याशी जुळत नाही.

तिसरं आपल्याकडचं खास: उन्हाळा. बाहेर ४५-४६ अंश, खोलीत कूलर. अल्कलीचं द्रावण ३२ अंशांवर गेलं की डीएनए जास्त उकलतो. टाकी बर्फाच्या ताटात ठेवा, द्रावण आदल्या रात्री फ्रीजमध्ये. लायसिसचं द्रावणही थंड हवं, नाहीतर जेल स्लाइडवरून सुटून तरंगायला लागतं आणि दिवस वाया.

चौथं, संपूर्ण रक्त वापरताना डीएमएसओ विसरू नका. फुटलेल्या तांबड्या पेशींमधलं लोह मुक्त कणांना जन्म देतं आणि तुम्ही मधुमेहाची म्हणून स्वतः केलेली इजा मोजता. ट्यूबलाइटही बंद, पिवळा दिवा.

प्रत्येक खेपेला एक निरोगी नमुना, आणि एक मुद्दाम बिघडवलेला: १०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड, बर्फावर ५ मिनिटं. बिघडवलेल्यात शेपटी आली नाही तर त्या दिवसाचं सगळं फेकायचं. स्लाइडवर नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा. एका माणसाच्या दोन जेलमधून पन्नास-पन्नास पेशी मोजा. कडेच्या आणि बुडबुड्याजवळच्या सोडा.

तर्रीपोहे

एवढं मोठं कॉमेट पाहाले दुर्बीण लागते का मायक्रोस्कोप?

धूमकेतू

मायक्रोस्कोप. फ्लोरोसन्सचा नसेल तर चांदीचा रंग देऊन साध्यावरही जमते.

एक राहिलं. वरची साधी पद्धत फक्त तुटलेले धागे आणि अल्कलीत तुटणाऱ्या जागा दाखवते. ८-ऑक्सोग्वानिन पाहायचं तर लायसिसनंतर स्लाइडवर एफपीजी एन्झाइम टाकायचं. ते बिघडलेल्या अक्षरापाशी धागा कापतं. एन्झाइमसह आलेल्या आकड्यातून नुसत्या बफरचा आकडा वजा केला की ऑक्सिडाइज अक्षरांचा हिशेब मिळतो. मधुमेहात हा दुसरा आकडा जास्त बोलका.

खारपाणपट्टा

ठीक. पण शेपटी लांब दिसली म्हणजे मधुमेहामुळेच, हे कसं ठरवणार? गावातला मधुमेही आणि गावातलाच निरोगी, दोघांमध्ये साखर सोडून बाकी सगळं सारखं असतं का?

पऱ्हाटी

नसतंच. आणि आपल्या भागात तर मुळीच नाही.

फवारणी घ्या. कपाशीवर ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारे चालतात. ऑरगॅनोफॉस्फेट प्रकारची कीटकनाशकं हाताळणाऱ्यांच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये कॉमेटची शेपटी वाढलेली अनेक अभ्यासांत दिसली आहे. यवतमाळची २०१७ ची विषबाधा सगळ्यांना आठवते, पण त्याखाली रोजचा, लक्षण न दाखवणारा संपर्क असतो. तुमच्या मधुमेही गटात घरी बसणारे म्हातारे आणि निरोगी गटात फवारणारे जवान असतील तर निकाल उलटाही येईल.

खर्रा घ्या. सुपारी, तंबाखू, चुना घोटून दिवसाला चार-पाच पुड्या. सुपारीतले आणि तंबाखूतले नायट्रोसामाइन डीएनएला चिकटतात. गालाच्या पेशींत सूक्ष्मकेंद्रकं (मुख्य केंद्रकाबाहेर पडलेले डीएनएचे तुकडे) वाढतात, रक्तातही परिणाम दिसू शकतो. चुलीचा धूर तिसरा. वय तर आहेच.

म्हणून प्रश्नावलीत "तंबाखू: होय/नाही" नको. पुड्या किती, किती वर्षं, शेवटची कधी. फवारणीची शेवटची तारीख, औषधाच्या डब्यावरचं नाव, पंप पाठीवरचा की बॅटरीचा, हातमोजे होते का. नमुने हंगामाबाहेर घ्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि दोन्ही गटांचे नमुने एकाच दिवशी, एकाच खेपेत लावा. मधुमेही सोमवारी आणि निरोगी गुरुवारी केले तर तुम्ही सोमवार आणि गुरुवार यांतला फरक मोजला.

सरकी

"खर्रा: होय/नाही" यावर आमच्याकडे सगळेच "नाही" म्हणतात. तोंडात ठेवून.

शिरोंचा_रोड

मूळ धाग्यातला सिकलसेलचा प्रश्न मागे पडला. शिबिरात उपयोगाचा तोच आहे.

सिकलसेल म्हणजे अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनच्या सहाव्या शब्दात जीएजीचं जीटीजी. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. हा बदल जन्मापासून प्रत्येक पेशीत आहे, साखरेने होत नाही, साखर गेल्याने जात नाही. मधुमेहाने होणारी इजा कमावलेली, ही वारशाची. फलकावर दोघांना एका ओळीत बसवू नका. लोक समजतील सिकलसेलवाल्याला साखर होते किंवा साखरेने सिकलसेल होतो.

पण तपासणीत दोघांची टक्कर होते. ज्याला दोन्ही बाजूंनी आलेला आहे, म्हणजे एसएस, त्याच्या रक्तात एचबीए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, नसतंच. मग त्याला चिकटलेली साखर कुठून मोजणार? यंत्र आकडा काढेलही, तो निरर्थक. रक्त चढवलं असेल तर तो आकडा रक्तदात्याचा. वाहक असेल, एएस, तर गोष्ट बारीक आहे. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या काही एचपीएलसी यंत्रांत एसचं शिखर मध्ये येतं, काहींत नाही. बोरोनेट ॲफिनिटी पद्धतीला प्रकाराची अडचण येत नाही. तरीही २०१७ साली अमेरिकेत आफ्रिकन वंशाच्या लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात सारख्याच साखरेला वाहकांचा एचबीए१सी ०.३ ने कमी निघाला. मधुमेहाची ६.५ ची रेघ मारली तर ६.३ वाला वाहक घरी परत जाईल.

आणि फक्त सिकलसेल नाही. ज्याने ज्याने तांबड्या पेशीचं आयुष्य घटतं त्या प्रत्येकाने एचबीए१सी खोटा खाली जातो. कुष्ठरोगाच्या औषधांतलं डॅप्सोन पेशी फोडतं, गडचिरोली-चंद्रपूरकडे ही औषधं घेणारे आजही आहेत. मलेरिया झालेला असेल तर तेच. जी६पीडी (तांबड्या पेशीला जपणारं एन्झाइम) कमी असलेल्याला मलेरियाचं प्रायमाक्विन दिलं असेल तर तेच. उलट नुसत्या लोहाच्या कमतरतेत आकडा खोटा वर जातो. एकाच बाईला सिकलचा वाहकपणा आणि लोहाची कमतरता दोन्ही असली तर दोन खोट्यांची बेरीज काय येईल हे यंत्रालाही सांगता येत नाही.

अशांना सरळ उपाशीपोटी साखर, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी. मधुमेहाची रेघ उपाशीपोटी १२६, दोन तासांनी २००. उपचारावर लक्ष ठेवायला फ्रुक्टोसामाइन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर), ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं. लघवीतून प्रथिन खूप जात असेल किंवा अल्ब्युमिन कमी असेल तर तेही फसतं.

जांभळं_झाकण

शिरोंचा_रोड यांचं शब्दशः लिहून ठेवा. त्यात नळ्यांची भर.

एचबीए१सीला ईडीटीए, जांभळं झाकण. भरल्यावर आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा, झटकायची नाही. ४ अंशांवर आठवडाभर टिकते. बर्फाच्या पॅकला थेट चिकटवून ठेवली तर एका बाजूचं रक्त गोठून पेशी फुटतात. मध्ये कापड किंवा पुठ्ठा हवा.

साखरेला फ्लोराइड, राखाडी झाकण. इथेच चुकतं. लोकांना वाटतं राखाडी नळीत साखर गोठून राहते. फ्लोराइडचा परिणाम पूर्ण व्हायला एक-दोन तास लागतात, तोवर पेशी साखर खातच असतात. साध्या नळीत तर खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के उतरते, उन्हात आणखी. १३२ चा माणूस तालुक्याला पोचेपर्यंत १२० होतो आणि निरोगी ठरतो. नळी लगेच आईसबॉक्समध्ये, आणि शिबिराच्या जागीच सेंट्रिफ्यूज करता आलं तर सगळ्यात उत्तम.

बोटावरच्या ग्लुकोमीटरचंही एक: रक्त पातळ असेल, म्हणजे हिमोग्लोबिन ७-८ असेल, तर बऱ्याच पट्ट्या साखर जास्त दाखवतात.

डीएनएसाठी रक्त घ्यायचं असेल तर हिरव्या झाकणाची हेपारिनची नळी टाळा, हेपारिन पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीला, अडवतं. पण पेशी वाढवून गुणसूत्रं पाहायची असतील तर उलट हेपारिनच हवं. आणि कॉमेटसाठी संपूर्ण रक्त गोठवायचंच तर २५० मायक्रोलिटरपेक्षा जास्त एका कुपीत नको, थेट उणे ८०. भारनियमनात फ्रीजर उणे ४० वर येऊन परत गेला की त्या कुप्या फक्त मोजदादीपुरत्या.

हिवरखेड_बुद्रुक

शेणामातीचा प्रश्न विचारतो. साखरेमुळे डीएनए बिघडला तर तो पोरांना जातो का? घरोघरी हाच प्रश्न येणार आहे.

अस्थिमज्जा

रक्तपेशीतली इजा पोराला जात नाही. पोराला जातो तो शुक्रजंतू आणि अंड्यातला डीएनए, रक्तातला नाही. मधुमेहाचा कल वारशाने येतो, तो अनेक जनुकांच्या छोट्या-छोट्या वाट्यांनी, टीसीएफ७एल२ हा त्यातला मोठा वाटेकरी. ते आई-बापाला साखर होण्याआधीपासूनच असतं. गरोदरपणात आईची साखर जास्त असेल तर गर्भावर परिणाम होतो, पण त्याची वाट वेगळी: पोराला जास्त साखर पोचते.

@धुऱ्यावरून, मघाशी तिसरा थर राहिला होता. वय वाढतं तसं मज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत डीएनएमटी३ए, टीईटी२ अशा जनुकांत उत्परिवर्तन होतं आणि तिची संतती रक्तात वाढत जाते. सत्तरीनंतर दहात एकाहून जास्त जणांत सापडतं. टाइप २ मधुमेहाशी त्याचा संबंध २०१४ पासून नोंदलेला आहे, पण कोण कोणामुळे याचं उत्तर दोन्ही दिशांनी जातं. फलकाचा विषय नाही.

फलकाचा विषय आहे बी१२.

सरकी

बी१२ कुठून आलं मधेच?

अस्थिमज्जा

मधेच नाही, डीएनएच्या दारातूनच आलं. पेशीला डीएनएचं टी अक्षर तयार करायला फोलेट लागतं, आणि फोलेटचं चक्र फिरायला बी१२. ते कमी पडलं की टीच्या जागी यू (युरॅसिल) बसतो, दुरुस्ती यंत्रणा तो कापते, पुन्हा यू बसतो, पुन्हा कापते, आणि धागा तुटतो. कॉमेटमध्ये शेपटी, सूक्ष्मकेंद्रक चाचणीत वाढलेला आकडा. तुम्ही म्हणता साखरेने झालं.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं. त्यात माळकरी घर, अंडं-मटण नाही, दूध चहापुरतं. त्याच्या वर लोह-फोलिकच्या गोळ्या, किंवा सिकलसेलसाठी रोज ५ मिलिग्रॅम फोलिक. फोलिकने रक्त सुधारतं, पेशींचा मोठेपणा झाकला जातो, आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. पायाला मुंग्या येतात, सगळे म्हणतात साखरेच्या नसा. निम्म्या वेळा कोणी बी१२ पाहतच नाही.

स्लाइडवर दिसतं, यंत्र लागत नाही. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे तुकडे मोजा. शंभरांत पाचाहून जास्त पेशींत पाच तुकडे, किंवा एकीतही सहा दिसले, तर डीएनए तयार होण्यात अडथळा आहे. रक्तातलं बी१२ मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली कमी, २०० ते ३०० संशयित. मेटफॉर्मिन चालू असणाऱ्यांचं अधूनमधून बघायलाच हवं. आणि गोळी स्वतःहून बंद करायची नाही, बी१२ घ्यायचं.

तर्रीपोहे

पाह्यलं? मी पहिल्याच प्रतिसादात मुंग्या म्हणालो होतो.

अस्थिमज्जा

_/\_ मागच्या बाकावरून पुढे या.

पऱ्हाटी

पायावरून आठवलं. अनवाणी निंदण, तुरीचा खुंट पायात, जखम महिनाभर भरत नाही. त्यातही पांढऱ्या पेशींच्या डीएनएचा हात आहे ना?

धूमकेतू

आहे, आणि अक्षरशः डीएनएचा. न्यूट्रोफिल जंतू पकडायला स्वतःचा डीएनए उलगडून जाळ्यासारखा बाहेर फेकते. २०१५ सालच्या एका अभ्यासात मधुमेहींच्या न्यूट्रोफिल ही जाळी जास्त सहज फेकतात असं दिसलं. त्यासाठी लागणारं पीएडी४ एन्झाइम त्यांच्यात वाढलेलं होतं. जाळं गरजेपेक्षा जास्त पडलं की जखमेत चिकटून बसतं आणि नवी कातडी येऊ देत नाही. उंदरांत पीएडी४ काढल्यावर किंवा डीएनए कापणारं एन्झाइम दिल्यावर जखमा लवकर भरल्या. माणसात अजून तो उपचार म्हणून रुळलेला नाही. शेतात चप्पल मात्र आजच मिळते.

नवा_सदस्य_४१

नागपूरला एक पॅकेज आहे म्हणे, रक्ताच्या डीएनएवरून मधुमेहाने किती वर्षं म्हातारं केलं ते सांगतात. टेलोमिअर. करावं का?

खारपाणपट्टा

नको. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी हा शब्द हजारो वेळा. ग्वानिन भरपूर, म्हणून ऑक्सिडेशनने झिजतो हे खरं. गटांच्या सरासरीत फरक दिसतो हेही खरं. पण एका माणसाचा आकडा पीसीआरच्या चुकीच्या पट्ट्यातच हरवतो. आणि पांढऱ्या पेशींतलं मिश्रण बदललं, साधा ताप येऊन न्यूट्रोफिल वाढल्या, तरी आकडा हलतो. मिथाइलेशनचंही तसंच, पेशींचं प्रमाण गणितातून वजा केल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही.

मधुमेहात डीएनए तपासणीने खरोखर औषध बदलतं अशा जागा थोड्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह: केसीएनजे११, एबीसीसी८ हे जनुक, त्यातल्या बऱ्याच जणांची इन्सुलिन सुटून गोळी चालते. बारीक तरुण, तीन पिढ्या सरळ मधुमेह: एचएनएफ१ए, सल्फोनिलयुरिया या साखरेच्या गोळीची छोटी मात्रा पुरते. आईकडून आलेला मधुमेह आणि सोबत बहिरेपणा: मायटोकाँड्रियाचा ३२४३ वा बदल. हा शेवटचा वयाबरोबर रक्तातून कमी होत जातो, म्हणून लघवीतल्या पेशींत शोधलेला बरा. बाकीच्यांनी तो पैसा डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन पाहायला वापरावा.

विदर्भभूषण_काढावाला

डीएनए शुद्ध करणारा कडुनिंब-गुळवेल का
[प्रतिसाद काढून टाकला आहे]

खारपाणपट्टा

संपादकांचे आभार. तरी लिहितो, ऑक्सिडेशन थांबवणाऱ्या गोळ्यांनी शेपटी कमी होते, रुग्ण सुधारतोच असं नाही. व्हिटॅमिन ई ४०० युनिट देऊन २००० साली होप चाचणीत हृदयाला काही फायदा झाला नाही.

धुऱ्यावरून

सगळ्यांना दंडवत. मजकूर असा केला आहे:

"साखर बराच काळ जास्त राहिली तर पांढऱ्या रक्तपेशींच्या डीएनएला इजा होते आणि काही खुणा साखर उतरल्यावरही राहतात. म्हणून उपचार लवकर सुरू करा. सिकलसेल असेल, डॅप्सोन चालू असेल, अलीकडे मलेरिया झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर नोंदणीला सांगा. मेटफॉर्मिन घेत असाल तर बी१२ विचारा."

जांभळं_झाकण

पहिलं वाक्य भिंतीवर ठेवायचं तर ठेवा, ते आता खरं आहे. पण "सिकलसेल असेल तर सांगा" नको, "कार्ड दाखवा" लिहा. तोंडी सांगताना एएस आणि एसएस यांची हमखास अदलाबदल होते, आणि पुढची तपासणी कोणती करायची हे त्यावरच ठरतं.

शिरोंचा_रोड

आणि "डॅप्सोन" कोणी वाचणार नाही. "चट्ट्याच्या गोळ्या" लिहा. त्याच्या शेजारी नोंदणीच्या टेबलावर गोळ्यांचं रिकामं पाकीट ठेवा, बोट दाखवतात.

तर्रीपोहे

अन् सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहा: आठ तास उपाशी या. नाहीतर शिबिराच्या गेटावरच पोह्याची गाडी लागते, मग तुमचं १२६ गेलं तर्रीत.

हिवरखेड_बुद्रुक

चहा चालते का?

जांभळं_झाकण

नाही. बिनसाखरेचाही नाही. पाणी चालतं.